रोजमेळातली कोरी पानं

पुणे, मंगळवार

चि. मनूस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. ती रडत नव्हती, म्हणून मी जास्त घाबरले. मामा औंधच्या घराचा माळा साफ करायला गेला होता. आजोबांच्या रोजमेळांची मागची कोरी पानं कुणीतरी पट्टी लावून सफाईनं कापून नेली आहेत. दिवाळीत माळ्याची किल्ली तुझ्याकडे होती. त्यात भर म्हणजे इथल्या कुणा बाईंनी ‘औंधच्या एका जुन्या घरातलं’ म्हणून तैलचित्र विकत घेतलंय आणि चित्रासोबत त्यांना कारकुनी अक्षरातलं टाचणही मिळालंय, असं मामाच्या कानावर आलंय. लोक काय, काहीही बोलतात. मला तुझ्याकडून ऐकायचंय. ती पानं कुठे आहेत?

कादंबरीसाठी घेतली असशील तर तसं कळव. नायिकेला सापडलेलं जुनं पत्र हातात धरून पाहायचं होतं म्हणालीस, तरी मी विश्वास ठेवीन. पण आजोबांचं अक्षर तुला हुबेहूब काढता येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दहावीत असताना त्यांच्या अक्षरात मला पत्र पाठवून फसवलं होतंस. तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

तू पाठवलेली प्रकरणं मी वाचली. नकली चित्रं काढणारा देखणा चित्रकार, त्याच्यावर जीव जडलेली मुलगी, मागे लागलेले पोलीस. उत्कंठा आहे, प्रेमही बेतशुद्ध आहे. चित्र भट्टीत घालण्याची कल्पना हान फान मेखरेनवरून उचललीस ना? उचल, पण नीट उचल. तेलरंग पुरता कडक व्हायला कित्येक दशकं लागतात, म्हणून त्या डच माणसानं रंगात फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड, म्हणजे बेकलाइटचाच मसाला, मिसळला आणि चित्र हलक्या आचेवर तापवलं. १९३७ साली त्याचं चित्र भल्या जाणकारानं व्हर्मीरचं म्हणून पास केलं. तुझा नायक मात्र चित्र पापडासारखं भाजतो. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला हे वाचवत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. नायकाला तू ब्रश दिलास आणि नायिकेला नुसती धडधडणारी छाती. खऱ्या प्रकरणांत तसं नसतं. लंडनमधलं जॉन ड्रू आणि जॉन मायट यांचं प्रकरण बघ. मायट चित्रकलेचा शिक्षक, बायको सोडून गेलेली, दोन लहान मुलं पदरात. त्यानं सुमारे २०० नकला केल्या, त्याही भिंतीला देतात त्या इमल्शन रंगात! पहिल्या चाचणीतच उघडं पडावं असं काम, तरी ती चित्रं विकली गेली. कारण ड्रू चित्राचा इतिहास तयार करायचा. खोटी पत्रं, खोट्या पावत्या, जुन्या प्रदर्शनांच्या कॅटलॉगांत घुसवलेली पानं. टेट गॅलरीच्या दप्तरातसुद्धा त्यानं बनावट कागद सरकवले. लोक चित्राआधी कागद बघत होते. ड्रूपासून वेगळ्या झालेल्या जोडीदारणीनं त्याचे कागद पोलिसांकडे दिले. १९९९ मध्ये मायटला एक वर्ष आणि ड्रूला सहा वर्षं शिक्षा झाली. ज्यानं ब्रश हातात धरला त्याला कमी, ज्यानं गोष्ट रचली त्याला जास्त. मनू, या धंद्यात चित्रकार कुठेही मिळतो. गोष्ट रचणारं माणूस मिळत नाही.

तू गोष्ट रचतेस. तू ज्याच्यात गुंतलीस तो मुलगा चित्र काढतो. आणि रोजमेळातली पानं नाहीत.

जर्मनीतली हेलेन बेल्त्राकी तर तुझी आयती नायिका. नवरा वोल्फगांग नकला करायचा. हेलेननं काळे कपडे, गळ्यात मोती अशा वेषात स्वतःच्याच आजीचं सोंग घेतलं, मागे भिंतीवर नवऱ्याची चित्रं टांगली आणि युद्धापूर्वीच्या कागदावर फोटो छापून घेतला. बघा, आमच्या आजीचा संग्रह! त्यांचं एक चित्र २००६ मध्ये २८ लाख ८० हजार युरोंना गेलं. चित्रावर साल होतं १९१४, आणि रंगात निघाला टायटॅनियमचा पांढरा, जो तेव्हा चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता. २०११ मध्ये कोलोनच्या कोर्टानं त्याला सहा वर्षं आणि तिला चार वर्षं दिली. नवऱ्याच्या प्रेमासाठी आजी विकणारी बाई! यावर लिही ना. पण आपले आजोबा विकू नकोस.

हे परदेशातच चालतं म्हणू नकोस. आपल्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार रझा २००९ साली दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, तर तिथे त्यांच्या नावाची नकली चित्रं लटकत होती. आणि औंध तर असल्या गोष्टीला फारच सोयीचं. तिथला राजा स्वतः चित्रकार होता, टेकडीवर एवढं संग्रहालय. आजोबांसारख्या तिथल्या कारकुनाच्या माळ्यावर एखादं चित्र सापडलं तर कोण शंका घेईल? म्हणूनच मला झोप येत नाही.

मलाही जे. जे.ला जायचं होतं. अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, फॉर्मवर सही केली नाही. तिथे शिकणारा एक मुलगा दर शनिवारी मला पत्र लिहायचा, पत्राच्या कडेला चित्रं असायची. एकदा त्यानं विचारलं, येतेस का? मी परीक्षेचं कारण काढलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि मीही बी. एस्सी. होऊन बसले. तेव्हा त्यानं एखाद्या चित्राखाली खोटी सही करायला सांगितलं असतं, तर मी केली असती गं. त्यानं सांगितलं नाही, हे त्याचं चांगलेपण. माझं शहाणपण नव्हे. म्हणून तू त्या मुलाला सोड, असं मी म्हणणार नाही. त्यानं तुझ्याकडे काय मागितलं, एवढंच विचारते.

फार बोलले. पानं तुझ्याच टेबलाच्या खणात असतील तर मला माफ कर, आणि घेऊन ये. नसतील, तर आपण दोघी त्या बाईंकडे जाऊ. बोलायचं मी बोलेन. पैसे परत द्यायचे झाले तर पोस्टातली माझी ठेव मोडू. तशीही ती तुझ्याच नावानं ठेवलेली आहे. मामाला यातलं काही कळणार नाही, तुझ्या आईला मी समजावीन. रविवारी ये. त्यालाही आण, त्याला काय आवडतं जेवायला ते कळव.

तुझी,
मावशी

ता. क. तिसऱ्या प्रकरणात नायिकेच्या मावशीला मारून टाकलंस. माझी हरकत नाही, पण दम्यानं नको. चौथं प्रकरण झालं असेल तेवढं घेऊन ये, चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय.