अनुशेष म्हणजे काय?

सरकारी निधि कोणत्या भागास किती द्यावा, हें कसें ठरवावें? ज्याचा आवाज मोठा त्यासच अधिक दिल्यास दुर्बळाचा वाटा बुडतो. म्हणून मोजमाप हवें. १९८३ सालीं महाराष्ट्र सरकारनें अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. तिनें रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य इत्यादि बाबींत प्रत्येक जिल्ह्याची राज्याच्या सरासरीशीं तुलना केली. सरासरीहून जी उणीव भरली, तिला ‘अनुशेष’ म्हटलें. १९८४ च्या अहवालांत तो सुमारें ३,१८७ कोटि रुपये ठरला. आंकडे उघड असले म्हणजे ते कोणासहि पडताळतां येतात.

परंतु येथें एक मेख आहे. पुणें जिल्हा सधन गणला जातो. त्याच्या सरासरींत पर्जन्यछायेंतील शिरूर तालुक्याची तहान झांकली जाते. एका शेतांत दहा मण व दुसऱ्यांत दोन मण पिकलें, तर सरासरी सहा मण येते. पण दुसऱ्याच्या कणगींत दोनच मण असतात. म्हणून गणनेचा घटक लहान हवा. कवठे येमाईच्या विद्यार्थ्यांनीं गांवच्या विहिरींचें पाणी व दवाखान्याचें अंतर मोजून वहींत नोंदावें. पालकांनीं ग्रामसभेंत मागणी मांडतांना ती वही सोबत न्यावी.