नृत्याचा प्रसार आणि साहित्याचे रुजणे : बंगळूर, तंजावर, बडोदे

१

एखादा नृत्यप्रकार एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय जाते आणि नव्या भूमीत त्यात काय मिसळते, हा प्रश्न नृत्याच्या इतिहासाइतकाच वाङ्मयाच्या इतिहासाचाही आहे. बंगळूरच्या इंदिरानगरसारख्या वसाहतीत आज भरतनाट्यमचे वर्ग भरतात, तसे पाश्चात्य नृत्यांचेही भरतात. पाश्चात्य नृत्यांपैकी ‘हाउस’ हा प्रकार प्रसाराच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. शिकागोतील ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहात १९७७ पासून फ्रँकी नकल्स या वादकाने जी संगीतपद्धती लोकप्रिय केली, तिचे नाव त्या वास्तूवरून पडले असे सामान्यतः मानले जाते. शिकागो आणि न्यूयॉर्क येथील, मुख्यतः कृष्णवर्णीय व लॅटिन तरुणांच्या, रात्रीच्या मेळ्यांतून या संगीतावरचे नृत्य आकारास आले. धडाची लयबद्ध आंदोलने, पावलांची जलद गुंफण आणि जमिनीलगतच्या प्रवाही हालचाली ही त्याची तीन अंगे होत. पुढे ते युरोपात व जपानात पोहोचले. पॅरिस येथे २००२ साली सुरू झालेल्या ‘जुस्त दबू’ या स्पर्धेत त्याला स्वतंत्र स्थान आहे.

या प्रसारात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. नर्तक वर्तुळ करून उभे राहतात व एकेक जण आत येतो. येताना तो आपल्या शरीरावरील पूर्वीचे संस्कार घेऊनच येतो. स्थानिकाचा प्रवेश होतो तो येथे. मात्र पावलांची नावे कोठेही गेले तरी बहुधा इंग्रजीच राहतात. म्हणजे परिभाषा मूळची आणि देह स्थानिक, अशी ही विभागणी आहे. जेथे नृत्याला गेय साहित्याची जोड असते तेथे ही विभागणी कशी होते, हे पाहण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला फार दूर जावे लागत नाही.

२

१६३८ नंतर बंगळूर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्यातील अनेक भाषांतील पद्ये पाहता बहुभाषिकता हा त्या दरबाराचा स्वभावच होता असे म्हणता येते. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी बंगळुराहून जाऊन १६७६ च्या सुमारास तंजावरास मराठी राज्य स्थापिले. तेथे तमिळ ही लोकांची भाषा, तेलुगू ही नायक राजांच्या काळापासून चालत आलेली संगीताची भाषा आणि संस्कृत ही शास्त्राची भाषा होती. मराठी ही त्यांत नव्याने येऊन बसली. एकोजींचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४–१७१२) यांनी तेलुगूबरोबर मराठीतही नाटके रचली.

या मिश्रणाचे परिपक्व फळ सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळात दिसते. ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्यांच्या मराठी नृत्यरचना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहातून उपलब्ध आहेत. हे नावच एक वाङ्मयीन दस्तऐवज होय. ‘कोरवा’ हा गुंफण या अर्थाच्या तमिळ शब्दावरून आलेला, ‘साहित्य’ संस्कृत, ‘जिन्नस’ अरबी. आणि त्यांना एकत्र बांधणारे प्रत्यय मराठी. रचनांचे स्वरूपही असेच आहे. एरवी नृत्याच्या कार्यक्रमात निरनिराळ्या रागांतील, निरनिराळ्या विषयांवरील रचना एकापुढे एक येत. सरफोजींच्या निरूपणांत अलारू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना इत्यादी सर्व अंगे एकाच कथासूत्रात आणि एकाच राग-तालात ओवलेली आहेत. ‘निरूपण’ ही संज्ञा मराठी श्रोत्याला कीर्तनातून परिचित आहे. कथेला धरून राहण्याची कीर्तनाची शिस्त येथे दाक्षिणात्य नृत्याच्या क्रमाला लाभली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बोल आणि अंगांची नावे मूळची राहिली. साहित्य मात्र मराठी झाले.

३

तंजावरची ही परंपरा पुढे तीन दिशांना गेली. सरफोजींच्या काळी तंजावर दरबाराशी संबंध असलेले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चौघे बंधू आजच्या भरतनाट्यमच्या क्रमाचे प्रमुख शिल्पकार मानले जातात. त्यांपैकी वडिवेलु त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांच्या आश्रयास गेले, तर चिन्नय्या म्हैसूरला कृष्णराज वडियार तिसरे यांच्या दरबारी गेले. म्हैसूरच्या भूमीत अभिनयाला जे महत्त्व आले ते जट्टी तायम्मा आणि त्यांच्या शिष्या के. वेंकटलक्षम्मा यांच्या रूपाने विसाव्या शतकापर्यंत टिकले. बंगळूरचे यू. एस. कृष्णराव व चंद्रभागादेवी हे दांपत्य याच बंधूंच्या घराण्यातील पंदनल्लूर मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकले. ज्या बंगळुराहून एकोजी निघाले, तेथेच तंजावरचे नृत्य अशा रीतीने परतून आले.

तिसरी दिशा बडोद्याची. १८८० साली तंजावरच्या राजघराण्याशी संबंधित लक्ष्मीबाई (विवाहानंतर चिमणाबाई) यांचा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्याशी विवाह झाला. त्या निमित्ताने कांतिमती व गौरा या नर्तकी, नट्टुवनार व वादक यांच्यासह बडोद्यास आल्या आणि संस्थानच्या कलावंत कारखान्यात त्यांची व्यवस्था झाली. पाहुणे म्हणून आलेला ताफा परत जातो. येथे तो वस्तीला राहिला. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर हे पुढे बडोद्याच्या विद्यापीठात नृत्याचे अध्यापक झाले. राजाश्रय संपल्यावरही विद्या उरली, याचे कारण ती घराबाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली होती.

४

या प्रवासावरून नृत्याच्या रुजण्याची तीन गमके सांगता येतील : शिक्षकाने वस्तीला राहणे, स्थानिक देहाने वा भाषेने त्यात शिरणे, आणि मूळ आश्रयदाता गेल्यावरही शिकणारे उरणे. हाउस नृत्यालाही हीच कसोटी लागू पडते. स्पर्धेने त्याचा प्रसार होतो. ते रुजते ते नित्य शिकविणारा मनुष्य त्या गावी असला तरच.

मराठीच्या वाट्याला मात्र यातून एक खंत उरते. आपल्या निरूपणांच्या बाबतीत तिसरे गमक सिद्ध झाले नाही. नृत्य दक्षिणेत जगले, बडोद्यास जगले, सातासमुद्रापलीकडेही गेले. त्यातील मराठी साहित्य बहुतांशी ग्रंथालयात राहिले. ज्या बडोद्यात दरबाराची भाषा मराठी होती तेथेही या रचनांना नवे आयुष्य लाभल्याचे दिसत नाही. वाङ्मयेतिहासकारांनी त्यांना नृत्याचे साधन म्हणून बाजूस ठेवले आणि नृत्याच्या अभ्यासकांना त्यांची भाषा परकी राहिली. वस्तुतः मराठी पद्य परभाषेच्या तालात कसे वागते, ‘तक दित’सारख्या बोलांशेजारी मराठी क्रियापद कसे आपली जागा शोधते, हे तपासण्याची अशी संधी अन्यत्र क्वचितच मिळेल. हे काम एकट्या भाषाभ्यासकाकडून होणारे नाही. त्याने नट्टुवांगम् जाणणाऱ्याच्या शेजारी बसून या संहिता वाचल्या पाहिजेत. कारण त्या डोळ्यांसाठी लिहिलेल्या नाहीत, पावलांसाठी लिहिलेल्या आहेत.