‘तुम्हाला हे आधीपासूनच होतं’

माझी फाइल मी इथे उघडणार नाही. ती उघडली की बोलणं एका वॉर्डवर आणि एका रात्रपाळीवर येऊन थांबतं आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. मुद्दा असा, की मणक्याला इजा झालेला आपल्यातला कुणी बेडसोरसाठी, मोडलेल्या हाडासाठी किंवा छातीतल्या कफासाठी दाखल होतो, लघवीचं इन्फेक्शन घेऊन घरी येतो, आणि जाब विचारला की एकच उत्तर मिळतं : तुम्हाला हे आधीपासूनच होतं. हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडणं जड जातं. सीआयसी (ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढून घेणं) करणाऱ्या बहुतेकांच्या लघवीत कधीही कल्चर केलं तरी काही ना काही उगवतंच. पण जंतू असणं आणि इन्फेक्शन होणं यांत फरक आहे, आणि तो मी काढलेला नाही. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 साली स्पष्ट सांगितलं, की मणक्याच्या इजेच्या पेशंटमध्ये लक्षणं नसतील तर लघवीतले जंतू शोधत बसू नये आणि सापडले तरी त्यांच्यावर औषध देऊ नये. म्हणजे ‘आधीपासून होतं’ ते मुकाट नांदणारं बिऱ्हाड होतं. थंडी वाजून ताप आणणारं जे आलं ते दाखल झाल्यानंतर आलं, आणि या दोन्हींच्या मध्ये उभी असते ती आत ठेवलेली नळी.

ही नळी, म्हणजे फोली, आत राहिली की लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के असते, आणि महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. रबर असो वा सिलिकॉन, नळीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि त्या थराखाली अँटिबायोटिक नीट पोचत नाही. प्रोटियससारखा जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतो, मग क्षार साचून नळी आतून चोंदते. यात नवीन काहीच नाही. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला मणक्याच्या पेशंटचा विभाग सुरू केला, आणि नळी कायम न ठेवता ठरावीक वेळाने निर्जंतुकपणे घालून काढून घेण्याच्या पद्धतीचे अनुभव 1966 मध्ये फ्रँकेल यांच्याबरोबर छापले. मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी 1972 मध्ये त्याच्याही पुढे जाऊन दाखवलं, की हे पेशंटने स्वतः, नुसत्या स्वच्छ हातांनी केलं तरी चालतं. आपण घरी साबणाने हात धुऊन दर चार-सहा तासांनी करतो ते हेच. पन्नासहून जास्त वर्षं जुनी ही पद्धत आपल्यासोबत हॉस्पिटलच्या दारापर्यंत येते, आणि आत गेल्यावर ‘राहू द्या, फोली टाकून ठेवू’ एवढ्या एका वाक्याने ती बाहेर राहते.

आता यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला असा, की नळी दरवेळी सोयीसाठीच टाकली जात नाही. मान्य. सलाइन जोरात चालू असेल तर चार तासांत मूत्राशय 500 मिलीच्या पलीकडे फुगेल. आयसीयूत तासातासाची लघवी मोजावी लागते. माकडहाडाजवळची जखम ओली होऊन चालत नाही. मानेची इजा असलेल्याचे हात चालत नाहीत. ही सगळी खरी कारणं आहेत, पण यातल्या बहुतेकांना शेवट आहे. सलाइन बंद होतं, आयसीयूतून वॉर्डात हलवतात, जखम सुकते. नळी मात्र तशीच राहते, कारण टाकण्याची ऑर्डर कुणीतरी लिहिलेली असते, काढण्याची लिहायची कुणाच्या लक्षात येत नाही. पायांनी चालणाऱ्या पेशंटची नळी काढायची निदान घाई तरी असते, कारण तो उठून संडासात जाऊ शकतो. आपल्या बाबतीत व्हीलचेअरसारखीच नळीही अंगाचा भाग आहे असं धरून चालतात. अमेरिकेच्या सीडीसीने 2009 च्या सूचनांत मणक्याच्या इजेच्या पेशंटचा वेगळा उल्लेख करून कायमच्या नळीऐवजी सीआयसीचा विचार करायला सांगितलं आहे, हे राउंडवर बोलून दाखवा आणि समोरचा चेहरा बघा.

दुसरा आक्षेप माणसं कमी असल्याचा. रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो हे मला दिसतं आणि त्यांच्यावर माझा राग नाही. पण सीआयसी पेशंट स्वतः करतो किंवा त्याच्या घरचं माणूस करतं. त्याला सिस्टरचा वेळ लागत नाही, फक्त परवानगी लागते. वेळ नंतर जातो : तापाच्या पट्ट्या, कल्चर आणि दिवसातून तीनदा शिरेतून अँटिबायोटिक. अमेरिकेत ऑक्टोबर 2008 पासून मेडिकेअरने अशा इन्फेक्शनचा जादा खर्च हॉस्पिटलला देणं बंद केलं. आपल्याकडे तो पेशंटच्या बिलात येतो, वर ‘आधीपासूनच होतं’ हेही ऐकून घ्यायचं. एनएबीएचची मान्यता असलेल्या हॉस्पिटलांनी दर 1000 नळी-दिवसांमागे किती इन्फेक्शन झाली याचा हिशेब ठेवायचा असतो. तो विचारा. सांगतील याची खात्री नाही, पण विचारणारा पेशंट त्यांच्या लक्षात राहतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती ‘जळजळ होते का?’ या प्रश्नाची. कंबरेखाली काही कळत नसलेल्या माणसाला हे विचारायचं आणि ‘नाही’ म्हटल्यावर केसपेपरवर तक्रार नाही असं लिहायचं! आपली लक्षणं वेगळी आहेत : पाय एरवीपेक्षा जास्त आखडणं, विनाकारण मरगळ, अस्वस्थपणा, मध्येच लघवी गळणं, ताप. नुसता वास येतो किंवा लघवी गढूळ दिसते एवढ्याने इन्फेक्शन ठरत नाही. इजा टी-6 (छातीचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल तर डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, वरच्या अंगाला घाम आणि बीपी एकदम चढणं, हे सगळ्यात आधी ओळखायचं. अशा माणसाचं नेहमीचं बीपी 90-100 असतं, त्यामुळे 135 हा आकडा तक्त्यावर सुरेख दिसतो आणि त्याच्यासाठी धोक्याचा असतो. तेव्हा गोळीच्या आधी त्याला उठून बसवा, कपडे आणि पट्टे सैल करा, आणि पिशवीपासून वर नळी हाताने चाचपत जा : मांडीखाली दबली आहे का, पिळली आहे का, चोंदली आहे का. स्वतःचं नेहमीचं बीपी कागदावर लिहून उशाशी ठेवा, कारण त्या क्षणी तुम्हाला बोलायचं सुचेलच असं नाही.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. ताप नाही, त्रास नाही, पण रिपोर्टमध्ये पस सेल्स दिसल्या की इंजेक्शन सुरू. नळी असलेल्याच्या लघवीत पस सेल्स असणारच, नुसत्या त्यांच्यावरून इन्फेक्शन म्हणता येत नाही. ‘आम्हाला रिस्क घ्यायची नाही’ असं त्यावर ऐकवतात. रिस्क टळत नाही, ती पुढच्या खेपेला सरकते, तोवर साध्या गोळ्या निकामी झालेल्या असतात आणि उरतात फक्त शिरेतून द्यायची महागडी औषधं. कल्चर खरंच लागणार असेल तर नमुना पिशवीतून घेऊ देऊ नका, आणि नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती आधी बदलून नव्या नळीतून घ्यायला सांगा. नाहीतर रिपोर्ट जुन्या नळीवरच्या थराचा येतो.

बाकी पाणी प्या, हात धुवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. क्रॅनबेरीच्या गोळ्यांवर मात्र पैसे घालवू नका. ऑस्ट्रेलियात 305 जणांवर झालेल्या आणि 2007 मध्ये छापून आलेल्या चाचणीत मणक्याच्या इजेमुळे मूत्राशय निकामी झालेल्यांना त्यांचा उपयोग दिसला नाही. त्यापेक्षा एक्स-रेला नेताना लक्ष ठेवा. मामा स्ट्रेचर ढकलायला येतात आणि पिशवी सवयीने पोटावर ठेवतात. नळीतली लघवी सरकत मागे आत जाते, अगदी डोळ्यांना दिसेल अशी. पिशवी कायम कंबरेच्या खाली हवी आणि जमिनीला टेकता कामा नये. ती रिकामी करताना तोटी मापाच्या भांड्याला लागू देऊ नका, आणि तेच भांडं शेजारच्या बेडवरून आलेलं असेल तर नको म्हणा. वाईटपणा येतो, येऊ द्या. आणि नळी टाकली त्या दिवशी चिकटपट्टीवर बॉलपेनने तारीख, वेळ आणि कशासाठी टाकली ते लिहून पिशवीवर चिकटवा. रोज सकाळी राउंडला ती पट्टी डॉक्टरांच्या बाजूला वळवून ठेवा. पिशवी बदलली तर पट्टी नव्या पिशवीवर लावा. तारीख मात्र नळीचीच ठेवायची.