बादशहा आणि खरबूज

सुट्टी संपवून आजोळाहून परत निघताना नानी पिशवीत दोन-चार आंबे घालते. घरी येऊन पिशवी उघडली, की त्या वासाबरोबर सगळे गाव डोळ्यांसमोर उभे राहते. असाच अनुभव एकदा एका बादशहाला आला होता.

सन १५२९ मधील गोष्ट. पानिपतची लढाई जिंकून बाबराला तीन वर्षे होत आली होती. राज्य मिळाले, खजिना मिळाला. पण मन मात्र काबूलकडे ओढ घेत होते. त्याचा जुना सरदार ख्वाजा कलाँ काबूलला परत गेला होता. बाबराने त्याला पत्र लिहिले. किल्ल्याची दुरुस्ती करा, बागेत चांगली झाडे लावा, अशा अनेक सूचना त्यात होत्या. त्यातच त्याने आपल्या मनातलेही सांगितले. नुकतेच कोणी एक खरबूज आणले होते. ते कापून खाताना त्याला रडू आवरेना!

खरे म्हणजे काबूल ही काही बाबराची जन्मभूमी नव्हे. त्याचा जन्म १४८३ साली फरगाना प्रांतातील अंदिजान येथे झाला. ते राज्य हातचे गेले आणि १५०४ साली त्याने काबूल घेतले. तेथे त्याने बागा लावल्या, पाण्याचे पाट खेळवले. डोंगरावरच्या रानफुलांत ट्युलिपच्या जाती किती, हे त्याने एकदा मोजून घेतले. त्या बत्तीस-तेहतीस भरल्या! ज्या मातीची अशी ओळख झाली, तेच त्याचे घर झाले.

हिंदुस्थानात आल्यावर तो प्रथम नाराजच होता. येथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, अशी भलीमोठी तक्रार त्याने आपल्या ‘बाबरनामा’ या तुर्की भाषेतील आत्मचरित्रात नोंदवली आहे. आम्हां आंबेवाल्यांना ती वाचून थोडा राग येतो! पण त्याच ग्रंथात त्याने मोर, पोपट, गेंडा यांची बारकाईने वर्णने केली. येथले बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावर सहा-सात गज धावतात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. चांगला आंबा खरोखरच चांगला असतो, हेही त्याने मान्य केले.

मग त्याने आग्र्याला यमुनेच्या काठी बाग केली. वाहते पाणी नव्हते, म्हणून विहीर खोदून रहाटाने पाणी चढवले. बल्खच्या एका माळ्याकडून खरबुजे पेरून घेतली. फळे लहान निघाली, पण गोड होती. द्राक्षेही लागली. बादशहा समाधान पावला.

१५३० साली आग्र्याला त्याचा मृत्यू झाला. त्याला प्रथम तेथल्याच बागेत दफन केले. काही वर्षांनी त्याचा देह काबूलला नेण्यात आला. तेथे डोंगराच्या उतारावरील बागेत त्याची कबर आहे. अलीकडच्या युद्धांत ती बाग उजाड झाली होती. २००२ नंतर तेथे पुन्हा झाडे लावण्यात आली.

स्वाध्याय : तुमच्या आजोळच्या एखाद्या झाडाविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.