पाय : वादकाचा तिसरा हात

वाद्य हातानें वाजतें असें आपण सहज म्हणतों; परंतु त्यांत पायांचा वाटा थोडा नाहीं. प्रार्थनामंदिरांतील जुन्या ऑर्गनचा भाता वादक पायांनींच हालवितो, आणि आपल्या संगीत नाटकांतील पायपेटीही तशीच वाजे. मोठ्या पाइप ऑर्गनला तर पायांसाठीं स्वतंत्र पट्ट्या असतात, व एक स्वरसमूह बदलून दुसरा आणण्याच्या कळाही पायांजवळ बसविलेल्या असतात. दोन्ही हात गुंतलेल्या माणसास तिसरा हात हवा, ही गरज फार जुनी होय. विजेच्या वाद्यांच्या बाबतींत तीच गरज आज 'मिडी फूट कंट्रोलर' नांवाचें यंत्र भागवितें. आमच्या वाद्यवृंदांत तें आल्यापासून मुलें त्यासंबंधीं पुष्कळ विचारतात, व पालकही 'हें विकत घ्यावें काय?' असें पुसतात. म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या यंत्रांतून आवाज निघत नाहीं. त्याच्या तारेंतून स्वर वाहत नाहींत, केवळ अंक वाहतात. मिडी ही वाद्यांची आपसांत बोलण्याची सांकेतिक भाषा होय. १९८३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील नॅम प्रदर्शनांत सिक्वेन्शियल सर्किट्सचें प्रॉफेट-६०० व जपानी रोलंड कारखान्याचें ज्युपिटर-६ हीं दोन वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. एकाची पट्टी दाबतांच दुसरें वाजूं लागलें. हे दोन कारखाने बाजारांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, हें विशेष. त्यांचे संस्थापक डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांस या कामाबद्दल २०१३ सालीं ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला.

या भाषेचें व्याकरण लहान आहे. तारेंतून सेकंदास ३१,२५० खुणा जातात. त्या वेगानें एक आज्ञा सुमारें सेकंदाच्या हजाराव्या भागांत पोंचते, म्हणून कानास विलंब जाणवत नाहीं. एकाच तारेवरून सोळा निरनिराळ्या वाद्यांस वेगळाल्या आज्ञा देतां येतात. एक प्रकारची आज्ञा 'आतां अमुक आवाज घे' असें सांगते. दुसऱ्या प्रकारची 'अमुक गुण इतका ठेव' असें सांगते, व तो 'इतका' ० पासून १२७ पर्यंत असतो. गुणांसही क्रमांक आहेत. ६४ वा स्वर लांबविण्याचा, ७ वा आवाजाच्या मोठेपणाचा, ११ वा भावानुसार चढउतार करण्याचा. शेवटच्या दोहोंत विद्यार्थी नेहमी गोंधळतात. सातव्यानें वाद्यावाद्यांतील तोल एकदां बसवावा व मग त्यास हात लावूं नये. गाणें चालू असतां पायानें जें कमीजास्त करावयाचें तें अकराव्यानें. पाय सातव्यावर ठेवला कीं बसविलेला तोल पहिल्या कडव्यांतच मोडतो.

आमच्याजवळ बेहरिंगर कंपनीचें एफसीबी-१०१० हें यंत्र आहे. त्यावर दहा पेडलें, मांडणी पुढेंमागें करण्याचीं आणखी दोन, आणि खालींवर झुकणारीं दोन रुंद पेडलें आहेत. दहांच्या दहा मांडण्या, म्हणजे शंभर आज्ञासंच त्यांत साठवितां येतात. शंभर हा आंकडा ऐकून मुलें हरखतात. प्रत्यक्ष रंगमंचावर चारपांचांहून अधिक पायास सांभाळत नाहींत, हें आम्हीं नाताळच्या एका कार्यक्रमांत शिकलों. मंद गीत चाललें होतें. तिसऱ्या पेडलावर तारवाद्यांचा मृदु आवाज व चौथ्यावर तुताऱ्या. आमच्या विद्यार्थ्याचा पाय बोटभर सरकला, आणि त्या शांततेंत तुतारी गर्जली! सभागृह हंसलें. पुढें आठ दिवस त्या मुलानें वाद्यास स्पर्श केला नाहीं.

चूक त्याची नव्हती. मांडणी आम्हीं केली होती. शांत आवाजाशेजारीं आम्हीं गर्जना ठेविली, रंगमंचावर उजेड कमी असेल याचा विचार केला नाहीं, आणि सराव अनवाणी करून घेतला, कार्यक्रमास मात्र बूट. आतां मृदु आवाजाच्या दोन्ही बाजूंच्या पेडलांवर तोच आवाज भरला आहे, म्हणजे पाय चुकला तरी कान चुकत नाहीं. तुतारीच्या पेडलावर रबराची पट्टी चिकटविली. न पाहतां ती पावलास कळते.

दुसरी उणीव यंत्राच्या आंतली. मूळ रचनेंत एक पेडल एक ठराविक आज्ञासंच पाठवितें; घुमारा सुरू करावयास एक पेडल, बंद करावयास दुसरें, अशी मांडणी आम्हांस करावी लागे. याकरितां नवें यंत्र घ्यावें असा मुलांचा आग्रह होता. परंतु या यंत्राची बुद्धि एका काढतां येण्याजोग्या चिपेंत असते. ती बदलली कीं लांकूडलोखंड तेंच राहून वागणूक नवी होते, व तेंच पेडल पुन्हां दाबल्यानें परिणाम बंद करण्याची सोय मिळते. चिप बदलण्यापूर्वीं जुनी मांडणी संगणकावर किंवा निदान वहींत उतरून घ्यावी. वीज तोडावी, अंगावरील स्थिरविद्युत् जावी म्हणून धातूस हात लावावा, जुनी चिप दोन्ही टोकांकडून हळूहळू उचलावी. चिपेच्या एका टोकास खांच असते. नवी बसवितांना ती खांच पूर्वीच्याच बाजूस यावी. उलट बसली तर वीज देतांच चिप जळूं शकते. शेवटीं रुंद पेडलांचीं दोन्ही टोकें यंत्रास नव्यानें ओळखवून द्यावीं, नाहीं तर टांच पूर्ण टेकूनही आवाज शून्यावर येत नाहीं.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, नवशिक्या मुलास स्वर लांबविणारें साधें पेडल पुरे. पुढें घेणें झालें तर आधीं घरच्या वाद्याची पाठ पाहावी. तेथें पांच छिद्रांचें गोल मिडी मुख नसून केवळ यूएसबीचें असेल, तर आमच्यासारखें यंत्र त्यास थेट जोडतां येत नाहीं. मध्यें आणखी एक उपकरण लागतें, व त्याचा खर्च वेगळा.

चिप आमच्या त्याच विद्यार्थ्यानें बसविली. नंतरच्या नाताळांत वाद्यावर तोच होता. तुतारी वाजली ती शेवटच्या कडव्यांत, आणि त्याची नजर तेव्हां गायकांकडे होती.