इंग्रजीची जीभ, मराठीची जीभ

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयास एके काळी ‘दक्षिण भारताचे केंब्रिज’ म्हणत. तेथे शिकलेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री (१८६९-१९४६) गोखल्यांच्या निधनानंतर १९१५ साली पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या इंग्रजी वक्तृत्वामुळे त्यांना ‘सिल्व्हर-टंग्ड ऑरेटर’ ही उपाधी लाभली. ‘रुपेरी जिभेचा वक्ता’ म्हटल्यास मराठी वाचक बुचकळ्यात पडेल. आपण म्हणू, ‘त्यांच्या जिभेवर सरस्वती नांदत होती’. मात्र गोड बोलून आपले म्हणणे गळी उतरवणाऱ्यालाही इंग्रजीत हेच विशेषण लावतात, तेव्हा संदर्भ पाहावा.

काही वाक्प्रचार दोन्ही भाषांत सख्ख्या भावंडांसारखे आहेत. ‘स्लिप ऑफ द टंग’ म्हणजे जीभ घसरणे, ‘होल्ड युअर टंग’ म्हणजे जीभ आवर. या साम्यामुळे आपण गाफील राहतो आणि ‘बाइट युअर टंग’पाशी फसतो. मराठी माणूस भलते बोलून गेल्यावर जीभ चावतो. इंग्रज बोलण्याआधीच चावतो, म्हणजे ओठांवर आलेले शब्द गिळतो. ‘आय बिट माय टंग’ असे एखाद्या ग्राहकाने पत्रात लिहिले, तर तो दिलगिरी व्यक्त करीत नसून त्याने आपली नाराजी तेव्हा गिळली होती, हे उत्तर लिहिणाऱ्याने ओळखायला हवे.

‘टंग इन चीक’ म्हणजे वरकरणी गंभीर, आतून थट्टा. याला आपला नेमका प्रतिशब्द नाही, ‘मिस्कीलपणे’ जवळचा.

आता ‘इट इज ऑन द टिप ऑफ माय टंग’ मराठीत आणून पाहा. सूचना : मराठीत हा न आठवणारा शब्द जिभेपेक्षा ओठांवर अधिक रेंगाळतो.