गोखल्यांची माफी

पुढाऱ्याने चूक कबूल केली तर त्याचा मान उरतो काय? १८९७ साली हा प्रश्न गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापुढे उभा राहिला. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले असता इकडे पुण्यात प्लेगची साथ होती. घरझडतीत गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांस गेली. त्यांवर विश्वासून त्यांनी तो आरोप तेथील वृत्तपत्रात प्रसिद्ध केला. परत येऊन शोध केला, तो पुरावा मिळेना. पत्रलेखकांची नावे सांगून दोष वाटून टाकता आला असता. परंतु ती त्यांनी उघड केली नाहीत आणि स्वतः जाहीर माफी मागितली.

झडत्यांचा जाच खोटा होता, असा याचा अर्थ नव्हे. जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण बोललो, एवढेच त्यांनी मान्य केले. स्वकीयांनी त्यांस भित्रे ठरविले. मला तो आक्षेप अन्यायाचा वाटतो. सरकारपेक्षा आपल्याच माणसांचा रोष सोसणे कठीण, आणि त्यांचे वय तर अवघे एकतीस होते!

पुढे १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलले, तेव्हा सरकारचेच आकडे त्यांनी सरकारपुढे मांडले.